पाटणसावंगीच्या आधी एक वाक्य

११ सप्टेंबर

मिनल मॅडमनी सांगितलं, रोज डायरी लिहा, इंग्रजीत, पाच ओळी का होईना. पहिली ओळ लिहिली की आज मी वहिनीसोबत क्लासला गेलो. दुसरी लिहिली की क्लास नागपूरला सदरमध्ये आहे, चष्म्याच्या दुकानावर. तिसरीला गाडी बंद पडली. डोक्यात जे चाललं होतं ते इंग्रजीत बसेचना, म्हणून मराठीत लिहितोय. मॅडमनी मागितली तर घरी राहिली म्हणीन.

मी या क्लासात कसा आलो ते मलाच नीट कळलेलं नाही. बी.ए. दुसऱ्या वर्षी सोडलं. मग गोव्यात हॉटेल, सुरतेत गोडाऊन, मनालीत एक सीझन टॅक्सी. उन्हाळ्यात खाप्याला घरी आलो तो राहिलोच. पुन्हा निघायचं होतं, पण कुठं ते ठरत नव्हतं. मागच्या आठवड्यात बाबा म्हणाले, "रिकामाच आहे ना तू? मंग नीलाले क्लासले नेत जाय अन् आणत जाय. अन् बाहेर चहा पीत बसू नको, तूही बस आत. फी दोघांची भरतो."

नीला म्हणजे माझी वहिनी, अश्विनदादाची बायको. दादा बुटीबोरीला कापडाच्या कंपनीत सुपरवायझर होता. डेंग्यूनं गेला, दोन वर्षं झाली. वहिनी नागपूरला एका हॉस्पिटलात नर्स आहे. राहते आमच्याकडेच, खाप्याहून जाणं-येणं करते. तिला इंग्लंडला नर्सची नोकरी धरायची आहे आणि त्यासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. बोलणं, ऐकणं, वाचणं, सगळ्यात तिला सात मिळतात. लिहिण्यात सहा. पाहिजेत साडेसहा. दोनदा दिली, दोन्ही वेळा अर्ध्यानं गेली.

वहिनीनं इंग्लंडचं नाव काढलं की बाबा उठून गाईला पाणी दाखवायला जातात. तेच बाबा फी भरतायत, याचं जरा नवल वाटलं. पण भरतायत ना, मग आपण कशाला विचारायचं.

१३ सप्टेंबर

मॅडमनी फळ्यावर चार डब्यांचा टिफिन काढला. निबंध म्हणजे हा. वरच्या डब्यात तुमचं मत. मधल्या दोन डब्यांत दोन कारणं, एकेका डब्यात एकच. शेवटच्या डब्यात पुन्हा मत, वेगळ्या शब्दांत. "वरणाच्या डब्यात भाजी सांडली की मार्क गेले."

मी विचारलं, "मॅडम, मत आधीच सांगून टाकलं तर पुढचं कोण वाचेल?"

"परीक्षक वाचेल. त्याला त्याचा पगार मिळतो."

विषय होता, बस आणि रेल्वे सगळ्यांना फुकट असावी का. मी ठोकून लिहिलं, असावी. मग उदाहरण द्यायचं म्हणून रायपूरच्या रस्त्यावर भेटलेल्या एका ट्रकवाल्याचं लिहायला घेतलं. त्यानं मला फुकट नेलं होतं आणि वाटेत त्याच्या बहिणीच्या सासरी जेवायला थांबवलं होतं. तिथे काय काय होतं जेवायला तेही लिहिलं. चाळीस मिनिटं संपली तेव्हा आम्ही अजून जेवतच होतो. मॅडम म्हणाल्या, "रोशन, तुमचा निबंध बसमध्ये चढला होता. उतरला कुठं?"

वहिनीचा कागद स्वच्छ. एक चूक नाही. एका बाजूनं असं, दुसऱ्या बाजूनं तसं, दोन्हींत तथ्य आहे, परिस्थितीवर अवलंबून आहे. संपलं.

"नीला, तुमचं मत कुठं आहे?"

"दोन्ही बरोबर आहे ना मॅडम."

"असेल. तुम्हाला काय वाटतं?"

वहिनी म्हणाली, "मला कोणी विचारलं नाही."

"प्रश्नातच विचारलंय. हे काय, शेवटची ओळ."

मी जोरात हसलो. दुसरं कोणीच हसलं नाही.

२१ सप्टेंबर

मॅडमनी वहिनीला औषध सांगितलं. कुठलाही विषय घ्यायचा आणि एका वाक्यात, मोठ्यानं, मराठीत का होईना, आपलं मत सांगायचं. मग दोन कारणं. कागद-पेन नाही.

आम्ही ते गाडीवर सुरू केलं. घरी परतताना कोराडी सोडली की मी विषय टाकतो. पाटणसावंगी गाव यायच्या आत वहिनीनं मागून उत्तर द्यायचं. नाही दिलं तर तिथल्या टपरीवरचा चहा तिच्याकडून.

"सावजी मटण घरी चांगलं का हॉटेलात?"

"घरीही चांगलं लागते, हॉटेलातलं..."

"पाटणसावंगी आली वहिनी."

तीन दिवस तिनं चहा पाजला. चौथ्या दिवशी मी विचारलं, "नवऱ्यानं स्वयंपाक करावा का?" हेल्मेटच्या मागून आवाज आला, "करावा! एक, त्याले भूक लागते. दोन, त्याले हात आहेत!" मी इतका हसलो की गाडी कडेला घ्यावी लागली. तीही हसत होती. दादा गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. तशी दादा होता तेव्हा मी घरी असायचो कुठं?

आज चहा मी पाजला. टपरीवाल्याकडे टोपलीभर डांगर, म्हणजे लाल भोपळे, विकायला ठेवले होते. त्याचं शेत कुठं, पाणी कुठून घेतो, हे विचारता विचारता उशीर झाला. आई दारातच उभी होती. मला वाटलं आता रागावते. उलट म्हणाली, "येऊ द्या ना आरामात. दोघं सोबत आहे तं मले काही काळजी नाही."

३ ऑक्टोबर

आईचं काहीतरी बिनसलंय. जेवताना मी म्हटलं, "वहिनी, चटणी द्या." आई एकदम बोलली, "वहिनी वहिनी काय लावलं रे सारखं? नीला म्हण. तुझ्याच वयाची तं आहे."

"दोन वर्षांनी मोठ्या आहेत."

"दोन वर्षांनी काय होते?"

काय होते म्हणजे? काहीच होत नाही. पण पहिल्यापासून वहिनीच म्हणतोय. वहिनीनं चटणी दिली आणि तिचं ताट तसंच ठेवून उठली. सोमवारचा उपास असेल म्हटलं. नंतर आठवलं, आज सोमवार नाही.

९ ऑक्टोबर

धोंडबाकाका आले होते. बाबांचे चुलतभाऊ, घरातले सगळ्यात मोठे. मला बाजूला घेऊन जन्मवेळ विचारली. म्हटलं परदेशयोग पाहतायत. खूश झालो. मलाही कुठंतरी जावं असं वाटतंच. क्लास लावलाय तर वहिनीच्या मागून मीही परीक्षा देऊन टाकीन, असं त्यांना म्हणालो. काका म्हणाले, "तुले कुठीच जायाची गरज नाही पडणार आता."

नोकरी पाहून राहिले बहुतेक. सावनेरला त्यांच्या ओळखी आहेत.

१८ ऑक्टोबर

आईनं आज दादाची अंगठी काढून दिली. "घालून पाय." ढिली झाली. आईनं तिला मागून दोरा गुंडाळला आणि पुन्हा घातली. मला बरं वाटेना. काढून ठेवतो म्हणालो तर, "राहू दे, हाताले सवय होऊ दे."

क्लासला जाताना मी क्लच दाबला तेव्हा वहिनीला अंगठी दिसली. त्यानंतर ती बोललीच नाही. येताना मी विषय टाकला, गावात राहावं की शहरात. पाटणसावंगी आली, गेली. मी चहाला थांबलो नाही.

खाप्याच्या फाट्यावर ती म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला घरी कोणी काही सांगितलं?"

"कशाबद्दल?"

"काही नाही."

"सांगा ना."

"तुम्हाला खरंच माहीत नाही?"

मी नाही म्हटलं. तिनं खांद्यावरची बॅग पुढं ओढून घेतली आणि उरलेला रस्ता ती बॅग आमच्या दोघांच्या मध्ये धरून बसली. मला वाटतं तिच्या परीक्षेचं टेन्शन आहे. अंगठी मी घरी येऊन देवघरात ठेवली.

३० ऑक्टोबर

मॅडम आज वहिनीवर खूश. विषय होता, म्हाताऱ्यांनी मुलांकडे राहावं की वेगळं. वहिनीनं पहिल्याच ओळीत मत दिलं. मॅडमनी तो कागद सगळ्यांना वाचून दाखवला. माझ्या निबंधात मात्र कन्हान नदीच्या रेतीचे ट्रॅक्टर आले. कसे आले ते सांगता येणार नाही. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही परीक्षा देऊ नका रोशन, तुम्ही कादंबरी लिहा." स्तुती आहे की शिवी, विचार करत करत गाडी सिग्नलवरून पुढं नेली, पोलिसानं अडवलं.

९ नोव्हेंबर

आज जे झालं ते क्रमानं लिहायचा प्रयत्न करतो. नेहमीसारखं रेतीत जायचं नाही.

सकाळी धोंडबाकाका आले. बाबांनी सतरंजी टाकली. आईनं मला आंघोळ करून ये म्हटलं. रविवारी सकाळीच आंघोळ का, ते कळलं नाही, पण केली. मी बसलो. वहिनी आत चहा करत होती.

काका बोलायला लागले. घर कसं असावं. संत्र्याचं कलम कसं धरतं. त्यांचा एक बैल जोडीदार गेल्यावर कसा खात नव्हता. मग कन्हानवरचा पूल. मग अश्विन कसा गुणाचा होता. मग घरचं माणूस घरात राहिलं तर जग बोलत नाही. मग पुन्हा बैल. बाबा खाली मान घालून सतरंजीचा धागा काढत होते. मला वाटलं वाटणीचं काही आहे. आणि खरं सांगतो, मला कंटाळा आला होता. दोन महिने रोज निबंध तपासून घेतल्यावर माणसाला सवय लागते. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, एका वाक्यात सांगा ना. वरच्या डब्यात काय आहे?"

"कोणत्या डब्यात?"

"म्हणजे तुमचं म्हणणं काय? आधी ते सांगा, कारणं मागून सांगा."

काका बाबांकडे पाहायला लागले. बाबांनी मान वर केली नाही. काकांना राग आला असावा, कारण ते एकदम मोठ्यानं बोलले, "तुझा अन् नीलाचा पाट लावू म्हणतो! झालं समाधान?"

झालं. वहिनीचं माझ्याशी लग्न. आता इतकं सरळ दिसतंय की लाज वाटते. नीला म्हण, जन्मवेळ, अंगठी, गाडीवर दोघं. गावानं आम्हाला दोन महिने रोज सोबत जाता-येताना पाहिलं. बाबांनी फी भरली तीही त्याचसाठी. वहिनी त्या दिवशी फाट्यावर जे विचारत होती तेही हेच.

आई म्हणाली, "बोल ना आता. लाजतं काय?"

मी बोललो. काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो. म्हणालो, "एकीकडून पाहिलं तर वहिनी चांगल्याच आहेत, म्हणजे घरच्याच आहेत. पण दुसरीकडून पाहिलं तर मी काही तसा... म्हणजे दादा... पण तुमचंही बरोबर आहे. दोन्ही बाजूंनी..." आणि मला माझाच आवाज ऐकू आला. मी, ज्यानं कुठल्याही विषयावर पहिल्या ओळीत ठोकून मत दिलं, ज्याचं फक्त पुढं भरकटतं.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. केव्हापासून ते माहीत नाही. तिनं ट्रे खाली ठेवला. "मी बोलू का?"

"तू काहून बोलतं वं? मोठे बोलून राहिले ना," आई म्हणाली.

वहिनी उभ्या उभ्या म्हणाली, "मी पाट लावणार नाही, मी इंग्लंडला जाणार. एक, ते काम मला येते आणि तिथं जाऊन करायचं आहे. दोन, भाऊजी चांगले आहेत, पण यांना यांच्या दादाच्या जागी बसवलं तर माझ्याजवळ ते दोघंही राहणार नाहीत."

वाक्य कुठंच तुटलं नाही. मग तिनं प्रत्येकाच्या पुढं एकेक कप ठेवला. कोणीच चहा घेतला नाही. काका चप्पल घालताना बाबांना म्हणाले, "शिकवा अजून. क्लासले पाठवा."

१० नोव्हेंबर

वहिनी गेली. हॉस्पिटलातल्या वैभवीसोबत मानकापूरला खोलीवर राहणार आहे परीक्षेपर्यंत. आईच्या पाया पडली. आईनं पाय मागं घेतले नाहीत आणि हातही वर केला नाही.

मला कळत नाही की मला नकार मिळाला की माझी सुटका झाली. मी तर मागणी घातलीच नव्हती. तरी दिवसभर छातीत असं होतंय की कोणीतरी मला काहीतरी देऊन लगेच परत घेतलं. मला पाहिजे होतं का ते? कोराडी ते पाटणसावंगी मला पाहिजे होतं, एवढं नक्की. पण तेवढ्यासाठी कोणी लग्न करतं का? दादाची बायको आहे. होती. आहे.

१४ नोव्हेंबर

आई आज तूर निवडताना आपणहून बोलली. माझ्याकडे पाहत नव्हती.

"मले वाटलं एका दोरीनं दोघं बांधले जाईल. ती तिकडं चालली, तू कधी कुठी जाशील त्याचा नेम नाही. एक पोरगा गेला. मंग मी कोणाची वाट पायत बसू? सांग ना."

"मी कुठं चाललो?"

"गोव्याले गेला तवाही असंच म्हणला होता तू."

ती म्हणत होती ते खरं होतं आणि वहिनी म्हणाली तेही खरं होतं. मॅडम म्हणतील, दोन्ही बरोबर असेल, तुम्हाला काय वाटतं? मला वाटतं मला कोणी हे विचारू नये.

२२ नोव्हेंबर

आज वहिनीची परीक्षा. काल बाबांनी गाडीची चावी खिशात ठेवली. "तिचं ती पाहील. तुले जायची गरज नाही." मी सकाळी एसटीनं गेलो. निघताना ते ओसरीवर होते. मी सांगितलं, जातो म्हणून. त्यांनी गाईकडे पाहिलं.

परीक्षा केंद्रावर मला पाहून वहिनी म्हणाली, "काहून आले? घरी बोलणी खाल."

"आलो."

"कारण?"

"कारण नाही. आलो."

तिनं हसायचा प्रयत्न केला. मग म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी काय म्हणणार होता भाऊजी? मी मध्ये बोलले नसते तर?"

मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "मला भीती होती तुम्ही हो म्हणाल. कारण तुम्ही हो म्हटलं असतं तर मला नाही म्हणता आलं नसतं." आणि आत गेली.

केंद्राबाहेर समोसे चांगले मिळतात. तीन खाल्ले. आता जे लिहितो ते कोणाला दाखवायचं नाही. बाहेर उभा असताना माझ्या मनात आलं की पुन्हा अर्धा कमी पडला तर? मग ती खाप्याला परत येईल, क्लास पुन्हा लागेल, मी कोराडीला विषय टाकीन. मला त्या विचारानं बरं वाटलं. चांगलं अर्धा मिनिट बरं वाटलं. मग चौथा समोसा कुत्र्याला टाकला.

एवढ्या लांब मी सोबत म्हणून गेलो की याचसाठी, तेही आता सांगता येत नाही.

वहिनी बाहेर आली ती पांढरी पडलेली. विषय काय होता विचारलं तर म्हणाली, "आठवत नाही. पहिली ओळ चांगली गेली."

२ डिसेंबर

दुपारी फोन आला. "भाऊजी, लिहिण्यात सात." मी काहीतरी ओरडलो. शेजारच्या वावरातल्या बाया पाहायला लागल्या. ओरडलो ते आनंदानंच, हे मी तपासून पाहिलं. बहुतेक आनंदानंच.

"घरी तुम्ही सांगू नका. मी येते, मीच सांगते."

४ डिसेंबर

वहिनी सुट्टी घेऊन आली. आई अंगणात मेथी निवडत होती. बाबा ओसरीवर पेपर धरून. पेपरचं सकाळपासून तेच पान उघडं होतं. वहिनी आईसमोर खाली बसली आणि जुडी ओढून निवडायला लागली.

"आई, पास झाले."

आईनं चार-पाच काड्या निवडल्या. "कधी जातं मंग?"

"अजून कागदपत्रं आहेत. मुलाखत आहे. उन्हाळ्यापर्यंत."

वहिनीनं फोन काढून निकाल दाखवला. आईला इंग्रजी येत नाही. तिनं फोन माझ्याकडे दिला. "वाच."

मी वाचायला लागलो, ऐकणं साडेसात, वाचन...

"आकडे नको. वरून वाच. नाव काय लिवलं?"

"भोयर. मग, नीला अश्विन."

आईचा हात थांबला. "अश्विन लिवलं?"

"पासपोर्टवर तसंच आहे आई," वहिनी म्हणाली. "नीला अश्विन भोयर."

"तिकडं गेल्यावर?"

"तिकडंही हेच. व्हिसावर, पगाराच्या कागदावर. सगळीकडे हेच राहील."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. ओसरीवरून बाबांचा आवाज आला. त्या रविवारनंतर ते वहिनीशी बोलले नव्हते, आताही पेपरशीच बोलल्यासारखे बोलले. "पाट लागला असता तं नीला रोशन झालं असतं."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं तसं तिनं मेथीच्या हातानंच पुसलं आणि गालाला माती लागली. वहिनीनं पदरानं ती पुसली. या वेळी आईनं तिचा हात धरून ठेवला.

तोवर फोनची स्क्रीन बंद झाली होती. आईनं बोटानं काचेवर टकटक केलं. "लाव ना रे. पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. मग बाबा चष्मा लावत खाली आले, त्यांच्यासाठी पुन्हा. माझं नाव त्यात कुठंच नव्हतं. मी चांगला मोठ्यानं वाचत होतो.